रोनाल्ड कूमनला बचावपटू म्हणावं की नाही?

रेषेवरचा_पंच

डच फुटबॉलपटू कूमनच्या नावावर लीगमधले 193 गोल आहेत. बचावपटूसाठी आकडा अचाटच. पण त्यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला, पेनल्टी आणि फ्री किक वजा केल्या तर उरतं काय? दुसरा, पाय जड होते, चेंडू पाठीमागे पडला की त्याला वळून गाठणं जमायचं नाही. मग प्रशिक्षक क्रायफने त्याला बार्सिलोनात सर्वांत मागे उभं का केलं?

ज्यांनी ते सामने नीट पाहिलेत त्यांनी सामना आणि प्रसंग सांगून लिहावं. 1992 च्या युरोपियन कपच्या (आताची चॅम्पियन्स लीग) अंतिम सामन्यातल्या, वेम्ब्लीवरच्या फ्री किकबद्दलही जरा फोड करून हवं आहे. "महान खेळाडू, दंडवत" छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

---

उजवी_बगल

आधी क्लबवार हिशेब. ग्रोनिंगेन 33, अयाक्स 23, पीएसव्ही 51, बार्सिलोना 67, फेयेनूर्ड 19. बेरीज 193. यात राष्ट्रीय संघाचे 14 (78 सामने) धरलेले नाहीत, युरोपीय स्पर्धांचेही नाहीत.

ग्रोनिंगेनचे 33 मी बाजूला ठेवतो. 1980 ते 83 मध्ये तो तिथे बऱ्याचदा मधल्या फळीत खेळायचा, तेव्हा ते "बचावपटूचे गोल" म्हणून मिरवण्यात अर्थ नाही. ते वगळूनही 160 उरतात. त्याच्याआधी बचावपटूंच्या गोलांचा विक्रम ज्याच्या नावावर सांगितला जायचा त्या अर्जेंटिनाच्या पासारेल्लाच्याही हे पुढेच.

पेनल्टी बऱ्याच आहेत, ते नाकारून चालणार नाही. पण 1987-88 चा पीएसव्हीचा हंगाम बघा. लीगमध्ये त्याचे एकट्याचे 21 गोल. संघाने 34 सामन्यांत 117 गोल ठोकले होते. एवढा वेळ समोरचा संघ आपल्याच पेनल्टी पेटीत कोंबलेला असला की मागचा माणूस मैदानाच्या मध्यरेषेपुढे उभा राहतो, आणि सुटलेला चेंडू 25 मीटरवर त्याच्याच पायाशी येतो. म्हणजे गोल हे त्याच्या जागेचं फळ होतं, निव्वळ ठरलेल्या किकांचं नाही.

1993-94 च्या चॅम्पियन्स लीगमध्ये 8 गोल करून तो वेर्डर ब्रेमेनच्या विन्टन रुफरसोबत सर्वाधिक गोल करणारा ठरला. त्याच्या बार्सिलोना संघात रोमारियो आणि स्टोइचकोव्ह हे आघाडीवीर दोघेही होते, हे विसरू नका.

---

चार_नंबर

गोलांवर फार वेळ घालवला जातो असं माझं मत. मूळ प्रश्न दुसरा आहे: संथ माणूस मागे कसा टिकतो?

क्रायफच्या 3-4-3 मध्ये मागे तिघे. त्यातल्या कडेच्या दोघांचं काम समोरच्या संघाचा माणूस धरणं. फेररसारखा चपळ, चिवट माणूस त्यासाठीच. कूमन मधोमध, मोकळा. त्याला धावण्याच्या शर्यतीत उतरायचंच नव्हतं. चेंडू कुठे पडेल हे ओळखून आधीच तिथे असायचं, आणि चेंडू मिळाला की पहिल्या दोन स्पर्शांत पुढे काढून द्यायचा. समोर मधल्या फळीत गुआर्दिओला. गुआर्दिओलावर माणूस चिकटला की कूमन थेट 40 ते 50 मीटरचा तिरका पास बगलेवर टाकायचा. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याची पंचाईत व्हायची. गुआर्दिओलाला सोडला तर मधून खेळ होतो, धरला तर डोक्यावरून.

दुसरी गोष्ट, बार्सिलोनाचा दबाव. चेंडू गेल्या गेल्या पुढच्या खेळाडूंनी पास देणाऱ्याला डोकं वर काढू दिलं नाही, तर बचावाच्या मागे नेमका पास टाकता येत नाही. नुसताच लांब भिरकावलेला चेंडू कूमन आरामात गोळा करायचा. ही व्यवस्था नेमकी इथेच तुटायची. दबाव अर्धा सेकंद उशिरा आला की मागे 40 मीटर रान मोकळं, आणि तिथे कूमन कोणालाही गाठणार नव्हता.

याचं सर्वांत क्रूर उदाहरण 18 मे 1994, अथेन्स, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, मिलान 4 बार्सिलोना 0. मिलानचे बचावपटू बारेसी आणि कोस्ताकुर्ता दोघेही निलंबित, बार्सिलोना आधीच जिंकल्यासारखी. पण मिलानचा प्रशिक्षक कापेल्लोने मार्सेल देसाईला मधल्या फळीत आल्बर्तिनीशेजारी उभा केला आणि गुआर्दिओलाचा श्वासच बंद केला. मग कूमनचे पास मधून जाईनात आणि चेंडू गेल्यावर मागची मोकळी जागा उघडी पडली. मासारोचे दोन गोल पूर्वार्धातले. तिसरा, साविचेविचचा उंचावरून टाकलेला, तो मात्र नादालच्या चुकीमुळे. सगळं खापर कूमनवर फोडणाऱ्यांनी तो पुन्हा बघावा.

---

रेषेवरचा_पंच

@चार_नंबर, हे पटलं. पण मग 1988 चं काय? नेदरलँड्सने युरो जिंकला तेव्हा तर प्रशिक्षक क्रायफ नव्हता, मिखेल्स होता, आणि मागे चौघे होते.

---

चार_नंबर

तिथे शेजारी राइकार्ड होता. वेग, उंची, टॅकल सगळं त्याच्याकडे. पुढे मिलानमध्ये मधल्या फळीत गाजलेला माणूस त्या स्पर्धेत सेंटर बॅक (मधला बचावपटू) खेळला. आघाडीच्या माणसावर जाणं राइकार्डचं, पाठीमागची जागा झाकणं आणि चेंडू बाहेर काढणं कूमनचं. उजवीकडे फान आर्ले, डावीकडे फान टिखेलेन, दोघेही घर न सोडणारे. कूमन पुढे सरकला तरी मागे तिघे राहायचे.

---

बाद_फेरी

चार_नंबर यांच्याशी बहुतांशी सहमत, पण राइकार्डला इतकं श्रेय देताना 1988 च्या पीएसव्हीला विसरू नका. तिथे राइकार्ड नव्हता. प्रशिक्षक हिडिंकच्या त्या संघाने लीग, कप आणि युरोपियन कप तिन्ही जिंकले. आणि युरोपियन कप कसा जिंकला ते बघा:

उपांत्यपूर्व: बोर्दो 1-1, 0-0
उपांत्य: रेआल माद्रिद 1-1, 0-0
अंतिम: बेनफिका 0-0, पेनल्टीवर 6-5

शेवटचे पाचही सामने बरोबरीत. दोन फेऱ्या परक्या मैदानावरच्या गोलाच्या नियमावर (दोन सामन्यांची बेरीज बरोबरीत असेल तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे) पार. पाच सामन्यांत दोनच गोल खाल्ले. लीगमध्ये 117 गोल मारणारा संघ युरोपात गेल्यावर खाली बसून, अंतर राखून खेळला आणि त्या बचावाच्या केंद्रस्थानी कूमन होता. मोकळं रान नसेल तर त्याच्या संथपणाला किंमत पडत नाही, याचा याहून चांगला पुरावा नाही. श्टुटगार्टच्या त्या अंतिम सामन्यात पहिली पेनल्टी त्यानेच मारली आणि आत घातली. सामना मात्र कंटाळवाणा आहे, 120 मिनिटं बघण्याआधी विचार करा.

आणखी एक. त्या काळी मैदानावर तीनच परदेशी खेळाडू चालत. 1993 मध्ये रोमारियो आल्यावर बार्सिलोनाकडे कूमन, लाउड्रुप, स्टोइचकोव्ह आणि रोमारियो असे चौघे झाले. दर सामन्याला एकाला बाहेर बसावं लागायचं. अथेन्समध्ये लाउड्रुप बसला. संथ, तिशी ओलांडलेला बचावपटू क्रायफ त्या तिघांत ठेवतो आणि लाउड्रुपला बसवतो, म्हणजे त्याच्या लेखी कूमनची जागा दुसऱ्या कोणाला भरता येत नव्हती. मला तो निर्णय चुकीचा वाटतो, ती गोष्ट वेगळी.

---

भिंतीतला_तिसरा

फ्री किककडे वळतो.

20 मे 1992, वेम्ब्ली, सांपदोरियाविरुद्ध जादा वेळ, 0-0, 112 वं मिनिट. स्टोइचकोव्हने चेंडू हलकेच सरकवला, बाकेरोने थांबवला, कूमनने उजव्या पायाने मारला. गोलरक्षक पालियुकाच्या हाताला लागला नाही. बार्सिलोनाचा पहिला युरोपियन कप.

चेंडू आधी सरकवण्याचा फायदा भूमितीत आहे. बचाव करणाऱ्या खेळाडूंची भिंत चेंडूपासून 9.15 मीटरवर उभी असते. गोल साधारण 22 मीटरवर धरा. चेंडू 1 मीटर बाजूला सरकला, की भिंतीने झाकलेला गोलरेषेवरचा भाग सुमारे 1.4 मीटर विरुद्ध दिशेला सरकतो. गोल 7.32 मीटर रुंद, त्यात 1.4 म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा. गोलरक्षकाने जी बाजू भिंतीवर सोपवलेली असते ती अचानक उघडी पडते.

तोटा असा, की चेंडू हलला की भिंतीला पळत सुटायची मुभा मिळते. म्हणून सरकवणं, थांबवणं आणि मारणं एका सलग तालात व्हावं लागतं. बिघडतं ते बहुधा इथे:

सरकवणाऱ्याने जोर लावला तर थांबवणाऱ्याला पाय लांब टाकावा लागतो आणि चेंडू डुलत राहतो. मारणाऱ्याने धाव उशिरा सुरू केली तर भिंतीतला कडेचा माणूस चेंडूवर येऊन धडकतो. धाव पहिल्या स्पर्शासोबतच सुरू व्हायला हवी, थांबलेला चेंडू बघून नाही. आणि थांबवणारा पाय ठेवून लगेच बाजूला झाला नाही तर मारणाऱ्याच्या टेकत्या पायाला जागाच उरत नाही.

प्रत्यक्ष फटक्यात टेकता पाय चेंडूच्या बाजूला, मागे नाही. मागे राहिला की शरीर मागे झुकतं आणि चेंडू आडव्या दांड्यावरून जातो. घोटा ताठ, पायाच्या वरच्या हाडाळ भागाने, चेंडूच्या मध्यावर. ताशी 100 किलोमीटरने मारलेला चेंडू 22 मीटर 0.8 सेकंदात कापतो, त्यामुळे कोपराच शोधत बसायची गरज नसते, खाली आणि भिंतीच्या बाहेरून गेला तरी पुरतो. कूमनची खासियत म्हणजे पाय मागे फार उचलत नसे, तरी जोर भयंकर. गोलरक्षकाला अंदाज घ्यायला वेळच मिळायचा नाही.

पण तो नुसता धटिंगण नव्हता. 13 ऑक्टोबर 1993, रॉटरडॅम, विश्वचषक पात्रता, इंग्लंडविरुद्ध. पहिला फटका जोरात, इन्स भिंतीतून वेळेआधी सुटला आणि चेंडू अडला. पंचाने पुन्हा घ्यायला लावली. सगळे पुन्हा तोफ सुटणार म्हणून दबा धरून, आणि याने भिंतीवरून अलगद उचलून टाकला. गोलरक्षक सीमन बघत राहिला. तोच धावेचा कोन, तोच पवित्रा, फक्त शेवटच्या क्षणी पाय चेंडूखाली.

---

रेषेवरचा_पंच

त्याच सामन्यात त्याला बाहेर काढायला हवं होतं ना?

---

भिंतीतला_तिसरा

हो. त्या गोलाच्या थोडंच आधी इंग्लंडचा प्लॅट एकटा सुटला होता, कूमनने त्याला मागून ओढलं. पिवळं कार्ड मिळालं. पंच पेटीबाहेर फ्री किक देऊन मोकळा झाला. खरं तर लाल कार्डच. नेदरलँड्स 2-0 जिंकले आणि पुढच्या वर्षी इंग्लंड विश्वचषकाला नव्हतं. बचावपटू म्हणून त्याची मर्यादा एका क्षणात बघायची तर हाच प्रसंग: पाठीमागे जागा, समोर वेगवान माणूस, आणि हाताला काहीतरी लागेल ते धरणं.

---

उजवी_बगल

यात एक भर. वेम्ब्लीवर संपलेल्या त्याच युरोपियन कपमधली जर्मन क्लब कैझर्सलाउटर्नविरुद्धची फेरी, नोव्हेंबर 1991. बार्सिलोना पहिला सामना 2-0 जिंकून परतीच्या सामन्यात 3-0 मागे, म्हणजे स्पर्धेबाहेर. शेवटच्या मिनिटाला कूमनची लांब फ्री किक पेटीत, बाकेरोचं डोकं, 3-1. परक्या मैदानावरचा तो एक गोल पुरला. तो पडला नसता तर वेम्ब्लीचा प्रश्नच नव्हता.

1988 च्या युरोतल्या आयर्लंड सामन्याचीही तीच गत. 82 व्या मिनिटाला किफ्टने डोक्याने केलेला गोल, तो मुळात कूमनचा चुकलेला फटका. जमिनीवर आपटून विचित्र फिरत आला. नशीब म्हणा, पण नेदरलँड्स त्यावरच उपांत्य फेरीत गेले.

---

चार_नंबर

बघायचे असतील तर क्रम असा ठेवा. आधी हॅम्बर्ग, 21 जून 1988, पश्चिम जर्मनीविरुद्धची उपांत्य फेरी, 2-1. 74 व्या मिनिटाची पेनल्टी त्याची, पण पेनल्टीपेक्षा पूर्ण सामनाभर राइकार्ड कधी पुढे जातो आणि कूमन किती पावलं मागे येतो ते मोजा. मग 8 जानेवारी 1994 चा रेआल माद्रिदविरुद्धचा 5-0. उत्तरार्धाच्या सुरुवातीला त्याची फ्री किक आहे, पण डोळा चेंडूवर न ठेवता माद्रिदकडे चेंडू जाताच पहिल्या तीन सेकंदांत बार्सिलोनाचे किती जण त्याच्यावर तुटून पडतात ते पाहा. त्यानंतर लगेच अथेन्स लावा आणि तेच तीन सेकंद पुन्हा मोजा. मध्ये फक्त चार महिने गेलेत.