स्टार्ट-स्टॉप गाडीला नवी बॅटरी: ‘प्रीमियम’ घ्यायची म्हणजे नेमकं काय बघायचं?

चौथा_गिअर

पेट्रोल गाडी आहे, स्टार्ट-स्टॉपवाली, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणारी. मूळ बॅटरी पाच वर्षांची झाली. लेबलवर १२ व्होल्ट, ६० एएच (अँपिअर-तास, म्हणजे क्षमता), ६४० ए (ईएन, म्हणजे युरोपीय मानकाने मोजलेला सेल्फचा करंट), ईएफबी (सुधारलेली ओली बॅटरी) एवढं वाचता येतं. लांबी २४२ मिमी, रुंदी १७५, उंची १९०. जागा बॉनेटखाली. दोन महिन्यांपासून स्टार्ट-स्टॉप बंदच आहे आणि सकाळी सेल्फ जड फिरतो. रात्रभर उभी राहिल्यावर मल्टिमीटरवर १२.१ व्होल्ट दिसतात.

आता चांगल्यातली घ्यायची आहे, पण जो तो वेगळं सांगतो. ईएफबीच्या जागी एजीएम (आम्ल पॅडमध्ये शोषलेली बॅटरी) टाकावी का? ६० ऐवजी ७० एएच चालेल का, की अल्टरनेटरवर ताण येईल? सीसीए (थंडीत सेल्फला देता येणारा करंट) जितकी जास्त तितकी बॅटरी चांगली, हे खरं का? बदलायचं काम घरीच करणार आहे, तेव्हा त्यातले खाचखळगेही सांगा.

तारतंत्री

बॅटरी ठरवण्याआधी ती खरंच गेली आहे का ते बघा. १२.१ म्हणजे अर्ध्याहून कमी चार्ज, एवढंच कळतं. पाच वर्षांत ती बसलेली असण्याची शक्यता मोठी आहे, पण नुसती उपाशीही असू शकते, आणि उपाशी ठेवणारं कारण गाडीत तसंच राहिलं तर नवी बॅटरीही त्याच वाटेने जाईल.

आधी चार्जरवर पूर्ण चार्ज करा. ६० एएचला ६ अँपिअरचा चार्जर पुरे. चार्जर काढल्यावर निदान सात-आठ तास गाडी तशीच ठेवा. घाई असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून वरवरचा चार्ज उतरवा, मग थोड्या वेळाने मोजा. ईएफबी धड असेल तर १२.६ ते १२.७ दिसतील, एजीएम असती तर १२.८ च्या पुढे. आता सेल्फ मारताना आकडा बघा. ९.६ च्या खाली गेला तर बॅटरीवर संशय पक्का होतो.

त्याच वेळी अर्थिंग तपासा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर ठेवा, म्हणजे शिशाच्या खुंटावरच, क्लॅम्पवर नाही. दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. सेल्फ फिरताना ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर दोष अर्थ केबलचा किंवा क्लॅम्पचा. मग खुंटावरचं टोक क्लॅम्पवर सरकवून पुन्हा बघा. फरक एकदम उतरला तर खुंट आणि क्लॅम्प यांच्यामधली काळपट थर धरलेली जागाच वीज अडवते आहे. ती घासली की पुष्कळदा जड सेल्फ हलका होतो.

तिसरी गोष्ट, उभ्या गाडीतली गळती. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक धरतात, तेवढ्यानेही दिवसाला १.२ एएच जातात. पार्किंग मोडवरचा डॅशकॅम ३०० मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला ७ एएचच्या वर, म्हणजे चार-पाच दिवसांत अर्धी बॅटरी रिकामी. मोजताना बॉनेटचं कुलूप स्क्रू ड्रायव्हरने बंद स्थितीत फिरवून ठेवा, म्हणजे गाडीला बॉनेट लागलेलं वाटतं. मग लॉक करून अर्धा ते एक तास थांबा. सगळे मॉड्यूल झोपायच्या आधी घेतलेला आकडा काही कामाचा नाही. मीटर सिरीजमध्ये (निगेटिव्ह खुंट आणि सुटा केलेला क्लॅम्प यांच्यामध्ये) असताना दार उघडू नका, इग्निशन तर नाहीच नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो.

शिसं_आणि_आम्ल

वरचं सगळं करून बॅटरीच दोषी ठरली, असं धरून प्रकाराबद्दल सांगतो.

साधी बॅटरी सतत भरलेली राहावी म्हणूनच बनवलेली असते. सेल्फला एक झटका दिला की तिचं काम झालं. स्टार्ट-स्टॉपमध्ये ती दर सिग्नलला थोडी उतरते आणि पुन्हा चढते. शिवाय अशा बऱ्याच गाड्या ब्रेक मारताना फुकट मिळणारी वीज साठवायला जागा राहावी म्हणून बॅटरी मुद्दाम ८० टक्क्यांच्या आसपासच ठेवतात. अर्धवट भरलेल्या अवस्थेत साध्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट कडक होत जातं आणि जड आम्ल तळाशी बसतं. वरून व्होल्टेज बरं दिसतं, पण आत ताकद नसते.

ईएफबी म्हणजे सुधारलेली ओली बॅटरीच. तिच्या पॉझिटिव्ह प्लेटेवर पॉलिएस्टरचं पातळ जाळीदार कापड असतं, त्यामुळे प्लेटेवरचा लेप गळत नाही. एजीएममध्ये आम्ल मोकळं नसतंच. ते काचतंतूंच्या पॅडमध्ये शोषलेलं असतं आणि पॅड प्लेटांवर दाबून बसवलेले असतात. म्हणून ती चार्ज लवकर घेते, आम्ल तळाशी बसत नाही आणि चढ-उतार सर्वांत जास्त सोसते. दुकानात हिलाच ‘जेल’ म्हणणारे भेटतील. जेल वेगळी, आणि ती बॉनेटखाली सेल्फ मारायला घेऊ नये.

नियम साधा आहे. गाडी एजीएमवर आली असेल तर एजीएमच. ईएफबीवर आली असेल तर ईएफबी किंवा एजीएम. खाली उतरायचं नाही. स्टार्ट-स्टॉपचं बटण कायम बंद ठेवलं तरी नाही, कारण ब्रेकिंगच्या वेळचं चार्जिंग त्या बटणाने थांबत नाही.

तुमच्या बाबतीत मात्र मी डोळे झाकून एजीएम म्हणणार नाही. बॅटरी बॉनेटखाली आहे. उष्णता हा एजीएमचा शत्रू आहे: आतलं पाणी मोजकं, एकदा उडालं की वरून भरता येत नाही. एजीएमवाल्या कित्येक गाड्यांत बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असते, त्यामागे हेही एक कारण आहे. बॅटरी हवेशीर जागी आणि एक्झॉस्टपासून लांब असेल, शहरात थांबत-थांबत चालवणं जास्त असेल, आणि गाडीत बॅटरीचा प्रकार बदलून नोंदवता येत असेल, तर एजीएमचे पैसे वसूल होतात. यातलं एक जरी जमत नसेल तर वरच्या दर्जाची ईएफबी घ्या.

सीसीएबद्दल: उणे १८ अंशांना बॅटरी किती करंट देऊ शकते, हा तो आकडा. तो कोणत्या मानकाने काढला, हे पाहिल्याशिवाय दोन लेबलांची तुलना करता येत नाही. अमेरिकी एसएईमध्ये ३० सेकंदांनंतर ७.२ व्होल्ट टिकावे लागतात, ईएनमध्ये १० सेकंदांनंतर ७.५, आणि जुन्या जर्मन डीआयएनमध्ये ३० सेकंदांनंतर ९. त्यामुळे एकाच बॅटरीचा डीआयएन आकडा ईएनच्या साधारण ६० टक्केच निघतो. ‘हिची सीसीए कमी आहे’ म्हणून चांगली बॅटरी बाजूला ठेवणारे लोक बहुधा इथेच फसतात. टेस्टरवरही तेच मानक आणि बॅटरीचा प्रकार निवडलेला हवा, नाहीतर ठणठणीत बॅटरी नापास होते.

गाडी बनवणाऱ्याने सांगितलेली सीसीए मिळाली की पुरे. सेल्फ त्याला हवा तेवढाच करंट ओढतो, उरलेल्याने त्याला इजा होत नाही आणि फायदाही नाही. त्याच आकाराच्या डब्यात सीसीए फार वाढवायची तर प्लेटा जास्त आणि पातळ कराव्या लागतात, आणि पातळ प्लेट उष्णतेत लवकर कुजते. कडाक्याची थंडी नसेल तर सीसीएपेक्षा एएच आणि वजन बघा. एकाच मापाच्या, एकाच प्रकारच्या दोन बॅटऱ्यांत जी जड, तिच्यात बहुधा शिसं जास्त.

आणखी एक. युरोपीय मानकाच्या काही बॅटऱ्यांच्या लेबलवर बारीक अक्षरांत एम, डब्ल्यू, व्ही यांच्यापुढे आकडे असतात. एम म्हणजे स्टार्ट-स्टॉपचे छोटे चढ-उतार सोसण्याची श्रेणी, एम१ ते एम३. डब्ल्यू पाणी उडण्याची, व्ही कंपन सोसण्याची. आकडा मोठा तितकी कसोटी कडक. ‘प्रीमियम’, ‘प्लॅटिनम’, ‘गोल्ड’ या शब्दांना कोणतंही मानक नाही, या अक्षरांना आहे.

पाना_पक्कड

७० एएचचं. अल्टरनेटरवर ताण येतो ही समजूत चुकीची आहे. तो गाडीच्या मागणीइतकी वीज देतो, आणि सेल्फ मारताना गेलेली वीज ६० मध्ये आणि ७० मध्ये सारखीच भरून काढायची असते. खरी अडचण मापाची आहे. तुमची एल२, म्हणजे २४२ मिमी लांबीच्या मापाची. युरोपीय मापांत ७० एएच बहुतेक वेळा एल३ मध्ये येते, ती २७८ मिमी, म्हणजे ३६ मिमी लांब. ट्रे तेवढा आहे का, आणि तळाच्या कडेला धरणारी पट्टी तिथे पोचते का, ते टेपने मोजा. न आवळलेली बॅटरी हादऱ्यांनी आतून तुटते. ढिल्या ७० पेक्षा घट्ट ६० केव्हाही चांगली.

टर्मिनलची बाजू विसरू नका. खुंट तुमच्याकडच्या कडेला येतील अशी बॅटरी ठेवा आणि प्लस उजवीकडे की डावीकडे ते बघा. उलटी आणली तर केबल पोचत नाही, आणि ओढून पोचवली तर बॉनेटला प्लस टेकण्याची भीती. जपानी मापाच्या बॅटरीत तर हमखास गोंधळ होतो. उदाहरणार्थ, ५५डी२३एल या क्रमांकातला एल म्हणजे ‘प्लस डावीकडे’ नव्हे. वर सांगितल्याप्रमाणे ठेवली तर तिचा प्लस उजवीकडे येतो. जपानी मापात खुंटही दोन जाडीचे असतात, बारीक १४.७ मिमीचे आणि जाड १९.५ मिमीचे (हे प्लसचे, मायनस थोडा बारीक). बारीक खुंटावर जाड क्लॅम्प कितीही आवळला तरी धरत नाही.

चौथा_गिअर

सगळ्यांचे आभार. तपासलं. पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवल्यावर १२.४, सेल्फला ९.१. अर्थिंगचा फरक ०.१. गळती ३० मिलिअँपिअर. बॅटरीवरचा हिरवा डोळा मात्र अजून हिरवाच आहे! निगेटिव्हच्या क्लॅम्पवर एक छोटा डबा आहे, त्यातून बारीक वायर जाते. ट्रेमध्ये २४२ च्या पुढे जागा नाही. बॅटरीभोवती कापडी आवरणही आहे, ते ठेवायचं का?

तारतंत्री

मग बॅटरीच गेली. हिरवा डोळा सहापैकी एकाच सेलचं आम्ल बघतो, उरलेल्या पाचांची त्याला खबर नसते. कापडी आवरण उष्णतेपासून बचावाचं आहे, नव्या बॅटरीलाही तेच घाला.

पाना_पक्कड

तो छोटा डबा म्हणजे बॅटरी सेन्सर. किती करंट आत गेला, किती बाहेर आला याचा हिशोब तो ठेवतो. त्याला पक्कड लावून ओढू नका, बोल्ट पूर्ण ढिला करून क्लॅम्प हाताने हलवत वर काढा. पुढे कधी जंपर किंवा चार्जर लावायची वेळ आली तर काळी वायर बॅटरीच्या खुंटावर न लावता गाडीच्या अर्थ पॉइंटवर लावा, म्हणजे करंट सेन्सरमधून जाऊन मोजला जाईल.

बदलताना आधी निगेटिव्ह काढायचा, मग पॉझिटिव्ह. बसवताना उलट. कारण निगेटिव्ह जोडलेला असताना प्लसवरचा पाना बॉडीला टेकला की सरळ शॉर्ट. आधी निगेटिव्ह सुटला असेल तर पाना टेकला तरी काही होत नाही. इग्निशन बंद करून, सगळे दिवे विझल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी हात लावा आणि किल्ली गाडीबाहेर ठेवा. क्लॅम्प हाताने दाबून पूर्ण खाली बसवा, हातोडी नको. बोल्ट ५-६ न्यूटन-मीटर, म्हणजे छोट्या १० च्या पान्याने मनगटाच्या जोरावर. जास्त आवळला तर शिशाचा खुंट आतून फिरतो आणि तिथून आम्ल झिरपायला लागतं.

मूळ बॅटरीला वायूची नळी असेल तर ती नव्या बॅटरीच्या त्याच बाजूच्या भोकात लावा, दुसऱ्या बाजूला बूच. डिकीत किंवा सीटखाली बॅटरी असणाऱ्यांनी ही नळी कधीच गाळू नये, कारण हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला तरी ठिणगीने पेटतो. डिकीत बॅटरी असेल आणि कुलूप विजेवर चालत असेल तर बॅटरी सुटी असताना डिकी बंद करू नका, मग ती उघडायची पंचाईत.

सेन्सरवाल्या गाडीत नवी बॅटरी स्कॅनरने नोंदवा. गाडी आजवर जुन्या, थकलेल्या बॅटरीच्या हिशोबाने चार्ज देत होती. तिला सांगितलं नाही तर कित्येक मॉडेलांत ती नव्यालाही तोच डोस देते. एएच तेच आणि प्रकार तोच असेल तर नुसती नोंद पुरते. एजीएम टाकलीत तर प्रकारही बदलावा लागतो. काही गाड्या रात्रभर उभ्या राहून स्वतःच शिकतात, तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा. काचांचं ऑटो वर-खाली आणि स्टिअरिंगचा दिवा नंतर गडबडला तर घाबरू नका: काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवा, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा, बहुतेकदा जागेवर येतं.

शिसं_आणि_आम्ल

ट्रेमध्ये जागाच नाही म्हटल्यावर ६० एएच, एल२, ईएफबी, ईएनमध्ये ६४० किंवा वर. दुकानात मल्टिमीटर घेऊन जा. डब्यावरची उत्पादनाची तारीख तीन महिन्यांच्या आतली हवी, सहा महिन्यांवरची घेऊ नका. वापराविना पडलेली बॅटरीही आपोआप उतरते आणि गरम गोदामात अधिक वेगाने. खुंटावर १२.५ च्या खाली दिसलं तर दुसरा डबा मागा, कारण किती दिवस ती तशी पडून होती ते लेबलवर लिहिलेलं नसतं. खुंटावर क्लॅम्पचे ओरखडे असतील तर तो डबा कुणीतरी परत केलेला आहे, नको म्हणा.

वॉरंटीत ‘एकूण इतके महिने’ हा आकडा बाजूला ठेवून पहिले किती महिने पूर्ण मोफत बदलून मिळते ते विचारा. त्यानंतरच्या काळात नुसती सूट असते आणि ती महिन्यागणिक घटते. टॅक्सी म्हणून चालणाऱ्या गाडीला अटी बहुधा वेगळ्या असतात. बिलावर बॅटरीचा सिरीयल क्रमांक लिहून घ्या.

घरी आणली की बसवण्याआधी चार्जरवर पूर्ण भरून घ्या. ओली किंवा ईएफबी १४.४ व्होल्टच्या मोडवर, एजीएम असेल तर १४.७ च्या, १४.८ च्या वर कधी नाही. गाडी चालवून भरेल या भरवशावर राहू नका, छोट्या फेऱ्यांत ती पूर्ण भरतच नाही. जुनी बॅटरी दुकानात परत द्या, घरात पडू देऊ नका. नेताना उभीच ठेवा, आम्ल सांडलं तर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा.