एनपीएमवर स्कोप्ड पॅकेज टाकताना पैसे मागतंय. सल्ला हवा

नवखा_नोडकर:
मंडळी, एनपीएमवर (जावास्क्रिप्टची तयार कोड-पॅकेजेस वाटायची जागा) टाकायला एक छोटं पॅकेज केलंय. आकडा दिला की अक्षरी रक्कम मिळते, ४९ दिले की 'एकोणपन्नास'. साधं नाव आधीच कुणीतरी घेतलेलं, म्हणून पुढे माझ्या युजरनेमचा स्कोप लावला: @युजरनेम/अक्षरी. एनपीएम पब्लिश मारलं तर ४०२, पेमेंट रिक्वायर्ड! फुकट वाटायला निघालोय तर पैसे कसले? स्कोप काढून दुसरं नाव शोधू का?

टर्मिनलकाका:
एक रुपया भरू नकोस. स्कोपवालं पॅकेज पहिल्यांदा टाकताना एनपीएम ते खासगीच धरतं, आणि खासगीला पैसे पडतात. एनपीएम पब्लिश --अ‍ॅक्सेस=पब्लिक असं मार. नाहीतर सरळ पॅकेज.जेसनमध्ये (पॅकेजची माहिती असते ती फाइल) पब्लिशकॉन्फिग घालून त्यात अ‍ॅक्सेस पब्लिक लिहून टाक, म्हणजे विसरायची भीती नाही.
स्कोप ठेवच. तुझ्या युजरनेमखाली दुसरा कुणी घुसू शकत नाही. २०१६ला 'किक' या पॅकेजच्या नावावरून वाजलं, चिडलेल्या लेखकाने स्वतःची सगळी पॅकेजेस उचलली. त्यात ११ ओळींचं लेफ्ट-पॅडही गेलं, त्यावर ढीगभर पॅकेजेस अवलंबून होती, आणि जगभरचे बिल्ड आडवे झाले.

कढीपत्ता:
थांब, आधी एनपीएम पॅक --ड्राय-रन मार आणि कुठल्या फाइली चालल्यात ती यादी नीट वाच. मी एकदा .एनपीएमइग्नोर (पॅकेजमधून काय वगळायचं त्याची यादी) फाइल केली, त्यात फक्त टेस्टचा फोल्डर लिहिला. ती फाइल असली की .गिटइग्नोरकडे (गिटमधून वगळायच्या फाइलींची यादी) एनपीएम ढुंकूनही बघत नाही, हे कुणाला ठाऊक! माझी पासवर्डवाली .एन्व्ह फाइल सुखरूप एनपीएमच्या रजिस्ट्रीवर पोचली. रात्री साडेअकराला एकेक पासवर्ड बदलत बसले होते. आता पॅकेज.जेसनमधल्या फाइल्समध्ये जे पाठवायचं तेवढंच लिहिते.

नवखा_नोडकर:
बापरे. पण चुकलंच तर काढून परत १.०.० टाकता येईल ना?

टर्मिनलकाका:
नाही. ७२ तासांच्या आत काढता येतं, तेही दुसरं कुठलं पॅकेज त्यावर अवलंबून नसेल तर. पण वापरलेला आवृत्तीचा नंबर कायमचा गेला. अख्खं पॅकेज काढलंस तर २४ तास त्या नावाने काही टाकताही येत नाही. त्यापेक्षा १.०.१ कर आणि पुढे चल.

दोन_स्पेस:
पुढे मित्रांसोबत करायचं असेल तर एनपीएमवर ऑर्गनायझेशन (सगळ्यांचा मिळून एक स्कोप) तयार कर, पब्लिक पॅकेजेसना फुकट आहे. फक्त आधी ते तयार कर, मग पब्लिश कर. आपला नसलेला स्कोप लावला की ४०४ येतो आणि माणूस तासभर स्पेलिंग तपासत बसतो. (हो, मीच तो माणूस.)

नवखा_नोडकर:
गेलं एकदाचं! यादीत माझा डेस्कटॉपवरचा एक स्क्रीनशॉटही निघाला होता, तो वगळला. सगळ्यांचे आभार.

कढीपत्ता:
इन्स्टॉल करून बघितलं. ९९ ला 'एकोणशंभर' म्हणतंय रे.

नवखा_नोडकर:
१.०.१ टाकतोय.