शेअर्ड ऑफिसात नवीन माणसाला परकं वाटू नये म्हणून नक्की काय करावं? (नळ स्टॉप, छोटी जागा)

एरंडवणेकर

नमस्कार मंडळी. पुण्यात नळ स्टॉपच्या आतल्या गल्लीत आमचं एक छोटं शेअर्ड ऑफिस आहे, जेमतेम तीस खुर्च्या, दुसरा मजला, खाली दुकानं. बहुतेक फ्रीलान्सर, दोन लहान कंपन्या, सीएच्या आर्टिकलशिपची काही मुलं. जागा चालतेय, त्याबद्दल तक्रार नाही. पण एक गोष्ट सारखी मनात घोळतेय. एक ठरावीक गट आहे जो अगदी घरच्यासारखा वावरतो, चहाला एकत्र खाली उतरतो, आणि बाकीचे येतात, महिनाभर भिंतीकडच्या टेबलावर बसतात आणि पुढच्या महिन्याचे पैसे भरत नाहीत. परवा एक डिझायनर मुलगी सोडून चालली तेव्हा विचारलं की नेट, एसी, पार्किंग यातलं काय नडलं, तर म्हणाली काहीच नाही, सगळं छान आहे, फक्त इथे मी कायम पाहुणीच वाटत राहिले.

आणखी सांगायचं तर एकाला कमी ऐकू येतं, तो जेवायच्या वेळी कधीच सगळ्यांबरोबर नसतो. दोघं केरळचे आहेत, टेबलावर मराठी गप्पा रंगल्या की ते हेडफोन घालतात. आणि मागच्या आठवड्यात व्हीलचेअर वापरणाऱ्या एका गृहस्थांचा फोन आला, लिफ्ट आहे का म्हणून, मी आहे म्हणालो, पण लिफ्टच्या आधी तीन पायऱ्या आहेत असं सांगितल्यावर ते बरं म्हणून थांबले आणि फोन संपला.

बिल्डिंग आपली नाही, पैसा मर्यादित आहे. भिंतीवर सर्वांचं स्वागत असल्याचं पोस्टर लावून विषय संपवायचा नाहीये. जे लोक अशा जागेत बसतात किंवा बसून सोडून गेलेत त्यांनी सांगा, पहिल्या दिवशी काय असतं तर तुम्ही राहिला असतात?

चहा_कमी_साखर

मी अशा जागांमधून बरीच वर्षं काम करतेय, एक सोडलीही आहे, त्यामुळे सरळ सांगते. बाई जागा बघायला येते तेव्हा ती आधी टॉयलेट बघते. ते ऑफिसच्या आत आहे की जिन्यात दुकानांबरोबर कॉमन, कडी नीट लागते का, पर्स अडकवायला हुक आहे का, झाकणाचा डबा आहे का. तिथे एका डब्यात पॅड ठेवा, रिकामा झाला की कुणी न सांगता भरला जाईल अशी व्यवस्था करा. महिन्याला फार खर्च नाही हो, पण कुणाकडे तरी जाऊन हळू आवाजात मागावं लागणं हा जो प्रकार आहे तो संपतो.

दुसरं, संध्याकाळ. खालची दुकानं आठ-साडेआठला बंद होतात, मग जिन्यात अंधार, गेटपाशी अनोळखी माणसं उभी, आणि किल्ली कुणाकडे ते माहीत नाही. जिन्यात सेन्सरचे दिवे लावा, आणि रात्री शेवटी कोण कुलूप लावणार त्याचं नाव नंबर आत लिहून ठेवा.

तिसरं, पॉशचा कायदा, म्हणजे कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा. शेअर्ड जागेत सगळे गृहीत धरतात की हे मोठ्या कंपन्यांचं काम. २०१३ चा कायदा आहे, १० किंवा जास्त माणसं असतील तर त्या कंपनीची स्वतःची अंतर्गत समिती लागते, आणि १० पेक्षा कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे लेखी तक्रार करता येते, साधारणपणे तीन महिन्यांच्या आत. तुमच्याकडे बहुतेक सगळे एकटे काम करणारे, म्हणजे त्यांना ही दुसरी वाटच माहीत हवी. आधी तुमच्या जागेत माणसं किती, कोणाची समिती आहे ते बघा, आणि स्थानिक समितीचा पत्ता मराठीत, मोठ्या अक्षरात, पाण्याच्या कूलरशेजारी लावा. कुणी टेबलापाशी येऊन नकोशा कमेंट करत असेल तर तिथल्या तिथे थांबवणारा माणूस तुम्हीच असणार हेही त्यात लिहा. मी जी जागा सोडली तिथे मालकांनी मला सांगितलं होतं की तो तसा मनाने चांगला आहे, दुर्लक्ष कर. मी दुर्लक्ष केलं नाही, जागा बदलली.

आणि हो, काचेच्या फोन बूथला अर्ध्या उंचीपर्यंत दुधी फिल्म आणि आतून कडी लावा. बाळंतपणानंतर कामाला लागलेल्या माझ्या एका मैत्रिणीला दूध काढायला टॉयलेटमध्ये उभं राहावं लागायचं. नोंदणीच्या फॉर्मवरचं कु./सौ. पण काढून टाका, पुरुषांना लग्न झालंय का असं आपण विचारत नाही.

चाकावरचा_पुणेकर

फोन करून थांबलेले गृहस्थ मी नव्हे, पण असे फोन मी करत असतो. 'लिफ्ट आहे' हे उत्तर आम्हाला अपुरं पडतं. रस्त्यापासून खुर्चीपर्यंतची वाट सांगा: गेटची रुंदी, पायऱ्या किती, लिफ्टचं दार किती सेंमी, टॉयलेटचं दार किती. हे फोटोसकट तुमच्या पेजवर टाका, पायऱ्या असल्या तरी टाका, लपवू नका. मग येऊ की नाही ते माझं मी ठरवीन, रिक्षाचे पैसे आणि अर्धा दिवस वाया जात नाही.

आता रॅम्प. लोक घाईत दुकानातून एक फळी किंवा पत्र्याचा तुकडा आणून टाकतात आणि झालं म्हणतात. उताराचं प्रमाण जास्तीत जास्त १:१२ हवं, म्हणजे १ सेंमी चढायला १२ सेंमी लांबी. तुमच्या तीन पायऱ्या १५-१५ सेंमीच्या धरल्या तर चढ ४५ सेंमी, म्हणजे रॅम्प ५४० सेंमी, जवळजवळ १८ फूट! पॅसेजमध्ये एवढी सरळ जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा देऊन वळवावा लागेल. रुंदी १२० सेंमी, दोन्ही बाजूला कठडा. फळी टाकून तीव्र उतार केलात तर मागून दोघांनी धरावं लागतं आणि खुर्ची उलटायची भीती राहते, त्यापेक्षा पायऱ्याच बऱ्या. २०२१ ची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात ही सगळी मापं मिळतील. खुर्ची वळवायला १५० सेंमी मोकळी जागा लागते, दाराची रुंदी ९० सेंमी. टॉयलेटचं दार बाहेर उघडणारं असावं, आत उघडलं तर खुर्ची आत गेल्यावर दार लागतच नाही.

सोसायटीवाले कुरकुर करतील. त्यांना सांगा २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा खासगी आस्थापनांनाही सोडत नाही. पण आधी समजावून सांगा, आजी-आजोबांना आणि बाबागाडीलाही तोच रॅम्प लागतो म्हणावं, बहुतेक जण तिथे मऊ होतात.

मेट्रोमुळे माझं बरंच सोपं झालंय, स्टेशनात लिफ्ट आहेत, नळ स्टॉपला एकटा उतरू शकतो. खरी लढाई त्यानंतरच्या फुटपाथवर, टू-व्हीलर आडव्या लावलेल्या असतात. तुमच्या गेटसमोर तरी गाड्या लागू देऊ नका. आणि मला पायऱ्यांपाशी बघून चार जणांनी धावत येऊन खुर्ची उचलायची नाही, आधी विचारायचं.

तिसरा_मजला

वरच्या दोघांशी सहमत, पण थोडं वेगळं बोलतो. स्वागताच्या नावाखाली दर शुक्रवारी गेम, ओळख करून घ्यायचे खेळ, गोल करून उभं राहून स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगा, हे प्लीज नको. मी माणूसघाणा नाही, पण मला दिवसभर शांत बसून कोड लिहायचं असतं आणि जिथे न मिसळणारा माणूस लगेच उठून दिसतो तिथे मी टिकत नाही. एक कोपरा असा ठेवा जिथे फोन नाही, गप्पा नाहीत, रूम फ्रेशनर नाही (मला मायग्रेन आहे, त्या वासाने दिवस जातो) आणि लुकलुकणारी ट्यूब तर अजिबात नाही. तिथे बसलेल्याला कुणी 'काय आज गप्प गप्प?' असं विचारायचं नाही, बस.

निंबाची_सावली

मी नांदेडची. पुण्यात शिकायला आले आणि इथेच राहिले. एक गोष्ट लिहिते, कुणाला टोचली तर टोचू दे.

नवीन माणूस बसला की पहिला प्रश्न नाव काय. दुसरा, आडनाव? तिसरा, मूळचे कुठले? विचारणाऱ्याला त्यात काही वाटत नाही, पण आडनाव ऐकल्यावर चेहऱ्यावर जे होतं ते आम्हाला कळतं हो, लहानपणापासून कळतं. मग पुढे डब्याचं. शाकाहारी टेबल वेगळं, मायक्रोवेव्हवर चिठ्ठी की नॉनव्हेज गरम करू नये. कारण विचारलं तर वास. मग वासाचाच नियम करा ना, सगळ्यांना सारखा: झाकण ठेवून गरम करा, नंतर पुसा, खिडकी उघडा. लसणाच्या फोडणीचाही वास येतो आणि सुकटीचाही येतो. फक्त एकाच डब्याला दाराबाहेर पाठवलं की त्या माणसालाच बाहेर पाठवल्यासारखं आहे.

महात्मा फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना पाण्यासाठी खुला केला, गंज पेठेत, तुमच्या ऑफिसपासून काही लांब नाही. त्यांनी कुणाला आधी अर्ज करा म्हणून सांगितलं नव्हतं. आणि आज त्याच गावात मी सफाई करणाऱ्या मावशींचा कप वेगळा ठेवलेला बघितलाय, शिकल्यासवरल्या लोकांच्या ऑफिसात. तुमच्याकडे असेल तर आजच बंद करा. मावशी रोज तुमच्या जागेत येतात, त्या पण तिथल्याच आहेत, त्यांना बसायला खुर्ची आणि पंखा आहे का ते बघा.

बोलीवरून हसणं पण थांबवा. मी 'करायलेय' म्हणते, करत राहीन.

प्रूफरीडर

मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, मशीन वापरतो. तुमचा तो मुलगा जेवायला येत नाही कारण बहुधा कुणीतरी दारातून 'चला रे' असं ओरडतं आणि त्याला ते कळतच नाही. व्हॉट्सअॅपवर मेसेज टाका, किंवा समोर जाऊन हात हलवा. त्याला दाराकडे तोंड येईल अशी खुर्ची विचारून बघा, पाठीमागून कोण येतं कळत नाही तेव्हा माणूस दिवसभर दचकत बसतो.

बोलताना खिडकीकडे पाठ करून उभं राहू नये, उजेड मागून आला की चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत. आवाज चढवायची गरज नाही, समोरून आणि एकेकाने बोला. मीटिंग असेल तर फोनवर लाईव्ह ट्रान्सक्राइब लावून टेबलाच्या मधे ठेवा, मराठीही लिहितं, चुका करतं पण विषय काय चाललाय तेवढं समजतं. फायर अलार्म नुसता वाजणारा असेल तर दिवा लागणाराही बसवा, टॉयलेटमध्ये सुद्धा. आग लागली आणि मी आत असलो तर मला कोण सांगणार?

केरळच्या दोघांबद्दल: मराठी बंद करू नका, का करावी? टेबलावर ते बसले की एखाद्याने मधेमधे हिंदी-इंग्रजीत विषय सांगत राहावं एवढंच. उलट बाजूही बघा, तुमच्या आर्टिकलशिपच्या मुलांपैकी काहींना इंग्रजीतल्या टॉकमध्ये प्रश्न विचारायची लाज वाटत असेल. प्रश्न मराठीत चालेल असं सुरुवातीलाच बोलून टाका.

एरंडवणेकर

सगळ्यांचे मनापासून आभार, सावकाश दोनदा वाचलं. जिन्यातले दिवे, बूथची फिल्म, पॅडचा डबा आणि पॉशचा फलक या आठवड्यात होईल. मायक्रोवेव्हवर आमच्याकडे चिठ्ठी आहे, ती काढतोय आणि निंबाची_सावली ताईंनी सांगितला तसा सगळ्यांना एकच नियम लावतोय. मावशींच्या खुर्चीचं आजच बघतो. त्या मुलाला खुर्चीबद्दल मेसेज करून विचारलं, त्याने लगेच दाराकडची जागा मागितली.

रॅम्पचं अडतंय. पॅसेज मोजला, सरळ ११ फूटच मिळतात, पुढे पार्किंग. सोसायटीचे चेअरमन दादा तयार आहेत पण एक स्कूटरची जागा जाईल म्हणतात. चाकावरचा_पुणेकर, वळवून बसेल का?

चाकावरचा_पुणेकर

स्कूटरची जागा मिळाली तर बसेल, मधला टप्पा १५० बाय १५० चा धरा, म्हणजे खुर्ची वळेल. पण गवंड्याला बोलवायच्या आधी लिफ्टचं दार मोजा आणि इथे टाका. जुन्या बिल्डिंगमध्ये ते कधी कधी ७० सेंमी असतं, माझी खुर्ची ६५ ची आहे, हात चाकावर ठेवले की अडकते. लिफ्टची आतली खोलीही मोजा, खुर्चीची पाय ठेवायची पट्टी धरून ११०-१२० तरी हवी. तिथे अडलं तर रॅम्पचा खर्च आत्ता करू नका, आधी लिफ्टवाल्याला विचारा दार रुंद होतं का. शनिवारी दुपारी मी डेक्कनला येणार आहे, चालत असेल तर टेप घेऊन खाली गेटपाशी येतो, चेअरमनांनाही बोलवा.