सल्ला हवा: एक्स्पान्शन बदललं की आधीचं किती वाया जातं? चौघांसाठी कोणता ऑनलाइन आरपीजी घ्यावा?

वारजेकर_वॉरलॉक
आम्ही चौघं, सगळे पुण्यातच. रात्री १० ते ११:३०, आठवड्यातून पाच दिवस. एकजण वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट लीजन एक्स्पान्शनपर्यंत खेळलाय, बाकीचे तिघं कोरे. फायबर १०० एमबीपीएस, लॅपटॉपची एसएसडी ५१२ जीबी.

दर दोनेक वर्षांनी नवं एक्स्पान्शन (खेळाचा नवा मोठा भाग) येतं आणि आधीची मेहनत पाण्यात जाते, असं सगळेच म्हणतात. नेमकं काय जातं आणि काय राहतं? एक्स्पान्शनच्या सुरुवातीला शिरावं की शेवटी? आणि भारतात सर्व्हर नाही, तर रीजन (कुठल्या भागातले सर्व्हर) कुठला घ्यावा? ग्राफिक्सबद्दल विचारत नाहीये.

पेठी_पॅलाडिन
वॉरक्राफ्टचं सांगतो. बाकीच्यांबद्दल इथे जाणकार आहेतच.

गिअर (शस्त्रं-चिलखत) जातो. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, नव्या एक्स्पान्शनच्या पहिल्या एक-दोन झोनमधल्या साध्या क्वेस्टचा (छोट्या कामांचा) गिअर जुन्या रेडच्या (मोठ्या गटाने करायच्या लढायांच्या) गिअरच्या तोडीचा असतो. माउंट, पेट, अचीव्हमेंट, कपड्यांचे लूक, सोनं हे सगळं राहतं. २०२४च्या वॉर विदिनपासून वॉरबँड आलंय, त्यामुळे बरीचशी रेप्युटेशन आणि एक बँक सगळ्या कॅरेक्टरांना सामायिक झाली. आधी प्रत्येक कॅरेक्टरने तेच ते दळण दळायचं, ते संपलं.

खरं नुकसान तिसऱ्याच ठिकाणी व्हायचं. त्याला खेळाडू 'उसनी ताकद' म्हणतात. लीजनमध्ये (२०१६) आर्टिफॅक्ट शस्त्र दिलं आणि त्यात दोन वर्षं पॉवर ओतायला लावली. बॅटल फॉर अझेरॉथ (२०१८) आलं आणि ते शस्त्र भिंतीवरची तलवार झालं. तिथे गळ्यातला हार आणि अझेराइट चिलखत. त्यातला गोंधळ बघा: नवा, जास्त लेव्हलचा तुकडा मिळाला की त्यातले गुण उघडायला हाराची लेव्हलही जास्त लागायची. म्हणजे आकडा मोठा, पण घातल्यावर माणूस आधीपेक्षा कमजोर. शॅडोलँड्समध्ये (२०२०) चारांतलं एक कॉव्हेनंट निवडा, बदललंत तर परतीची वाट लांबची. ते मोकळं झालं ९.१.५ पॅचला (अपडेटला), म्हणजे तब्बल वर्षभराने. ड्रॅगनफ्लाइटपासून (२०२२) उसनवारी जवळपास बंद आहे: टॅलेंट ट्री (कॅरेक्टरचे गुण निवडायचा तक्ता) परत आणली आणि ताकद तिथेच ठेवली.

आणखी एक गोष्ट जाते ती मुदतीची बक्षिसं. लीजनच्या मेज टॉवर या एकट्याने करायच्या आव्हानातले आर्टिफॅक्टचे खास लूक २०१८च्या, म्हणजे पुढच्या एक्स्पान्शनआधीच्या, पॅचला बंद झाले. टॉवर २०२१मध्ये परत आला, पण बक्षिसं वेगळी. तुमच्या लीजनवाल्याने ते मिळवले असतील तर आजही त्याच्या कलेक्शनमध्ये आहेत, आणि दुसऱ्या कोणाला ते आता मिळणार नाहीत.

रामवाडी_रोग
> दर दोनेक वर्षांनी मेहनत पाण्यात

हे अर्धंच खरं आहे. कधीकधी जगच बदलतं. कॅटॅक्लिझमने डिसेंबर २०१०मध्ये १ ते ६० लेव्हलचं जुनं जग नव्याने लिहिलं, जुने झोन गायब. ते बघायला लोकांना २०१९च्या क्लासिकपर्यंत थांबावं लागलं. डेस्टिनी २ या दुसऱ्या ऑनलाइन गेमने तर नोव्हेंबर २०२०मध्ये पैसे देऊन घेतलेली कॅम्पेनच खेळातून काढली. त्यामानाने गिअर जाणं म्हणजे काहीच नाही.

पेठी_पॅलाडिन
मान्य. पण कॅटॅक्लिझमची दुसरी बाजूही सांगा की. आधीच्या १-६०मध्ये अर्धा वेळ चालण्यात जायचा आणि काही झोनमध्ये क्वेस्टच पुरायच्या नाहीत. नवीन माणसासाठी ते काम चांगलंच झालं होतं. चूक एवढीच, की जुनं बाजूला न ठेवता त्याच्यावरच बांधलं.

मोदीबागेतला_मोंक
शिरायची वेळ:

सुरुवातीचे पहिले दोन आठवडे गर्दीचे. मजा असते, पण चौघांनी दीड तासात काही उरकायचं असेल तर लॉगिनच्या रांगेत बसणं परवडत नाही. फायनल फँटसी १४चं एंडवॉकर आलं (डिसेंबर २०२१) तेव्हा रांगा इतक्या वाढल्या की स्क्वेअर एनिक्सने नवी विक्रीच थांबवली आणि चालू खेळाडूंना दोन हप्त्यांत मिळून २१ दिवस फुकट दिले.

शेवटी शिरलात तर फायदा निराळाच. शेवटचा रेड फार लांबतो: वॉरक्राफ्टचे सीज ऑफ ऑर्ग्रिमार आणि हेलफायर सिटाडेल, दोन्ही जवळपास १४-१४ महिने चालले. जुने खेळाडू कंटाळून जातात, पण नवख्याला तोवर सगळं स्वस्त आणि दुरुस्त झालेलं मिळतं. शॅडोलँड्स पहिल्या दिवशी घेतलेला आणि ९.२मध्ये घेतलेला, दोघांना दोन वेगळे गेम मिळाले.

सगळ्यात वाईट काळ मधला. नोव्हेंबर २०१४ला वॉरलॉर्ड्स ऑफ ड्रेनॉरने वॉरक्राफ्टचे सबस्क्रायबर एक कोटीवर नेले. मार्च २०१५अखेर ७१ लाख, जूनअखेर ५६ लाख. कारण गॅरिसन. प्रत्येकाला स्वतःचा किल्ला, त्यात खाण, त्यात बाग, त्यात टेबलावरून मोहिमा. दाराबाहेर पडायची गरजच उरली नाही, मग शहरं ओस. त्यात पहिला पॅच निव्वळ टिकल्या लावल्यासारखा. तेव्हा नियम असा: एक्स्पान्शन आल्यावर पहिला मोठा पॅच बघा. तो वेळेत आला आणि तक्रारी ऐकल्याचं त्यात दिसलं, तर पैसे घाला.

तानसा_टँक
तुम्ही चौघं आहात, म्हणून फायनल फँटसी १४ सुचवतो. तिथल्या साध्या डंजनची (छोट्या गटाच्या मोहिमेची) पार्टीच चौघांची असते: एक टँक (मार झेलणारा), एक हीलर (बरं करणारा), दोन मारणारे. वॉरक्राफ्टच्या डंजनला पाच लागतात, पाचवा अनोळखी येतो आणि तो घाईत असतो. (वॉरक्राफ्टमधले डेल्व्ह, म्हणजे छोट्या मोहिमा, १ ते ५ जणांचे आहेत, तो पर्याय आहेच.)

फायनल फँटसीत एक्स्पान्शन बदललं तरी कॅरेक्टर एकच, सगळे जॉब (लढायचे पेशे) त्याच्यावरच. जुनी डंजनं मरत नाहीत. रुलेटमुळे (चिठ्ठी काढल्यासारखं कुठलंही डंजन देणारी सोय) १०० लेव्हलवालाही रोज जुन्या डंजनमध्ये येतो आणि त्याची लेव्हल खाली ओढली जाते. म्हणून २०१३चं डंजन आजही काही मिनिटांत भरतं. माझ्या मते ही त्या खेळातली सर्वात शहाणी सोय.

वाईट बाजू: मुख्य कथा क्रमानेच करावी लागते. नव्या एक्स्पान्शनच्या गावात मित्र असला तरी तुम्हाला आधीचं सगळं संपवूनच तिथे जाता येतं, नाहीतर कथा वगळायचे वेगळे पैसे. तुमच्या वेळेत हे महिन्यांचं काम आहे. पॅच ५.३ला (ऑगस्ट २०२०) पहिल्या भागातल्या क्वेस्ट छाटल्या आणि तिथे उडण्याची सोय आली, तरी मधला पट्टा अजून रटाळच आहे.

दुसरं, जॉब बदलतात. शॅडोब्रिंगर्स एक्स्पान्शनला टीपी (हल्ल्यांसाठी खर्चायचे पॉइंट) हा प्रकारच काढला, एंडवॉकरला समनर हा जॉब मुळापासून नवा केला. दर वेळी खेळ सोपा होतो आणि हाताला लागलेली सवय मोडते. ज्याला एकाच जॉबवर प्रेम आहे त्याला हे झोंबतं.

गिअरचं गणित: टोमस्टोनची (गिअर घ्यायच्या चलनाची) आठवड्याची मर्यादा ४५०, छातीचा तुकडा ८२५चा. म्हणजे दोन आठवड्यांत एक मोठा तुकडा, आणि सम आकड्याच्या पॅचला (७.२, ७.४) तो जुना होतो. पण तो नसला तरी साधं डंजन अडत नाही.

वारजेकर_वॉरलॉक
फुकट ट्रायल आहे ना याला? चौघांनी त्यावरच सुरू केलं तर?

तानसा_टँक
अडकाल. ट्रायल भरपूर मोठी आहे: ऑक्टोबर २०२३पासून स्टॉर्मब्लड एक्स्पान्शनसकट लेव्हल ७०पर्यंत, वेळेची मर्यादा नाही. पण ट्रायलवाल्याला पार्टी *बनवता* येत नाही, नुसतं सामील होता येतं. चौघंही ट्रायलवर असाल तर बोलावणार कोण? एकाने स्टार्टर (विकतची पहिली आवृत्ती) घ्यायचं, तो बाकीच्यांना बोलावेल. ट्रायलवर मार्केट बोर्ड (खेळातला बाजार) बंद, गिल (खेळातले पैसे) ३ लाखांपर्यंतच, फ्री कंपनी (खेळाडूंचा संघ) नाही. हे तिघांना सहज चालेल.

दोन खड्डे. एकदा विकत घेतलं की त्या अकाउंटवर ट्रायल परत मिळत नाही. सोबतचे ३० दिवस संपले की सबस्क्रिप्शन भरा किंवा बाहेर बसा, म्हणून विकत घेणारा तोच असावा जो नक्की टिकणार आहे. आणि स्टार्टर स्टीमवर (गेमच्या ऑनलाइन दुकानात) घेतलंत तर पुढची सगळी एक्स्पान्शनसुद्धा स्टीमवरूनच घ्यावी लागतात. दोन्हीकडचं मिसळत नाही. स्वस्त दिसलं म्हणून पहिलं स्टीमवर आणि दुसरं कंपनीच्या दुकानातून घेतलेले लोक दर सेलनंतर मदत मागत येतात.

गिल्डवॉर्स_गोखलेनगर
मेहनत वाया जाऊ नये हीच मुख्य अट असेल तर गिल्ड वॉर्स २कडे बघाच. २०१२ला लेव्हलची कमाल ८० होती, आजही ८०. असेंडेड गिअर आजही आकड्यांनी सर्वात वरचा. मासिक वर्गणी नाही. इथे एक्स्पान्शन आकडे वाढवत नाही, हातात नवी हत्यारं देतं: हार्ट ऑफ थॉर्न्सने (२०१५) ग्लायडर, पाथ ऑफ फायरने (२०१७) वाहनं.

तरी सगळं गोड नाही. हार्ट ऑफ थॉर्न्स आलं तेव्हा एलिट स्पेशलायझेशन (क्लासची नवी शाखा) पूर्ण करायला ४०० हीरो पॉइंट लागायचे. लोकांनी आरडाओरडा केला, ते २५० झाले. लिव्हिंग वर्ल्ड या कथामालिकेचा पहिला सीझन २०१३-१४मध्ये चालून गेला आणि २०२२पर्यंत खेळायलाच मिळत नव्हता. लिव्हिंग वर्ल्डचे इतर भाग वेगळे विकत घ्यावे लागतात, एक भाग २०० जेम (गेमच्या दुकानातलं चलन). ते घेतले नाहीत तर दोन एक्स्पान्शनच्या मधली कथा तुटते आणि एखादं पात्र अचानक का रडतंय ते कळत नाही. २०२३पासून एक्स्पान्शन लहान आणि जवळजवळ दरवर्षी येतात. स्वस्त आहेत, पण नकाशे आधीपेक्षा कमी.

रामवाडी_रोग
आकडे वाढत नाहीत म्हणजे वाढल्यासारखंही वाटत नाही. काहींना तेच हवं असतं, काहींना महिनाभरात 'आता करू काय' होतं. चौघांनी आधी फुकट भाग एक आठवडा खेळून बघा.

लाल_समुद्र
रीजनचं कोणी बोललंच नाही.

आधी घड्याळ. तुमचे रात्रीचे १० म्हणजे युरोपात हिवाळ्यात संध्याकाळचे ५:३०, उन्हाळ्यात ६:३०. माणसं असतात. जपानमध्ये तेव्हा पहाटेचे १:३०, सिडनीत २:३० किंवा ३:३०. पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ) कितीही चांगलं मिळालं तरी रिकाम्या सर्व्हरवर काय करणार? युरोपच घ्या. फक्त युरोपातल्या गिल्डचे (खेळाडूंच्या संघांचे) रात्री ८चे रेड तुमच्याकडे ११:३० किंवा १२:३०ला सुरू होतात, ते विसरा.

पिंग: मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन ६५ मिलिसेकंद हे निसर्गाचंच भाडं. केबल अरबी समुद्र, लाल समुद्र, इजिप्त असा वळसा घेते, म्हणून १२०-१५० धरा. एमबीपीएस वाढवून यात एक मिलिसेकंदही कमी होत नाही. सप्टेंबर २०२५मध्ये जेद्दाजवळ केबल तुटल्या तेव्हा वळसा आणखी वाढला. अशा दिवशी राउटर बदलू नका, थांबा.

पिंग स्थिर हवं, कमी नसलं तरी चालेल. वायफायवर १३०चं मधूनच ३०० होतं, तेच जिवावर येतं. राउटरपासून दहा-पंधरा मीटरची कॅट ६ नेटवर्क वायर ओढा.

वॉरक्राफ्टमध्ये 'स्पेल क्यू विंडो' नावाचं सेटिंग (पुढचा स्पेल किती आधी दाबला तर धरला जातो ते) कन्सोल कमांडने बदलता येतं. मूळ ४०० मिलिसेकंद. पिंग १५० स्थिर असेल तर २५०-३०० ठेवा. पिंगच्या खाली नेलंत तर प्रत्येक स्पेलमागे बारीक खाच पडते आणि क्लासच बिघडलाय असं वाटतं. फायनल फँटसी १४मध्ये दोन मुख्य हल्ल्यांमध्ये २.५ सेकंद असतात आणि त्यात दोन छोट्या क्रिया बसवायच्या असतात. प्रत्येक छोटी क्रिया हात ०.६ सेकंदाच्या आसपास बांधून ठेवते, वर तुमचं पिंग. १५०ला बसतात, २५०ला दुसरी सांडते. ते टाळणारे प्लगइन मिळतात, पण नियमाबाहेरचे आहेत.

मोदीबागेतला_मोंक
अवांतर: फायनल फँटसीला १४० जीबी जागा मागतात, वॉरक्राफ्टला १२८. ५१२मध्ये दोन्ही ठेवायचे तर बाकी आवरावं लागेल. १०० एमबीपीएसवर एकेकाला कागदावर तीन तास. गुरुवारी, म्हणजे पुण्यात वीज जायच्या वारी, दिवसा डाउनलोड लावून ऑफिसला जाऊ नका, वीज गेली की राउटर झोपतो. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो राउटरपुरता, अडॅप्टरवरचे अँपिअर बघून घ्या.

पेठी_पॅलाडिन
लीजनवाला वॉरक्राफ्टमध्ये परत जाणारच असेल तर त्याला एवढं सांगा: जुने अ‍ॅडऑन (खेळाडूंनी बनवलेल्या जोडण्या) आणि सेटिंगचे फोल्डर गेम सुरू करण्याआधी बाजूला काढ. तेव्हाची बरीच अ‍ॅडऑन आता नुसते एरर देतील. शिवाय मिडनाइट एक्स्पान्शनमध्ये लढाईतली बरीच माहिती अ‍ॅडऑनला वाचताच येत नाही, मूळ इंटरफेसवरच खेळायला शिकावं लागेल. बॅग भरलेली असेल तर विकण्याची घाई नको. आधी लूक कलेक्शनमध्ये आलेत का बघायचं, मग विकायचं. आणि जुन्या कॅरेक्टरची क्वेस्ट लॉग पूर्ण रिकामी करायची, नाहीतर कुठल्या एक्स्पान्शनचा बाण कुठे नेतोय ते कळत नाही.

वारजेकर_वॉरलॉक
ठरलं: फायनल फँटसी, युरोप. एकजण स्टार्टर घेतोय (स्टीमवर नाही), तिघं ट्रायलवर. शनिवारी सुरू. आधी काय ठरवून ठेवू?

तानसा_टँक
कॅरेक्टर बनवण्याआधी डेटा सेंटर आणि वर्ल्ड (त्यातला सर्व्हर) चौघांनी एकच ठरवा. युरोपात केऑस आणि लाइट ही डेटा सेंटर आहेत. गर्दीच्या वर्ल्डवर नवी कॅरेक्टर बंद असतात, म्हणून पर्यायी वर्ल्डचं नाव तयार ठेवा. ट्रायलवाल्यांना दुसऱ्या डेटा सेंटरवर फेरी मारता येत नाही, चुकलं तर नवीनच कॅरेक्टर.

टँकने ग्लॅडिएटर किंवा मरॉडर घ्या, हीलरने कॉन्ज्युरर. ज्याला ठरवता येत नाही त्याने आर्केनिस्ट: तिशीला समनर आणि स्कॉलर दोन्ही त्याच्यातूनच निघतात, लेव्हल सामायिक.

पहिलं डंजन सास्ताशा, लेव्हल १५ला, कथेतूनच उघडतं. तोवर ज्याने त्याने एकट्याने खेळायचं आहे, पार्टी करून काही उपयोग नाही. शनिवारी चौघं एकत्र बसून 'डंजन कुठंय' म्हणत शोधू नका. सगळे १५ला पोचले की मग सास्ताशा, टॅम-टारा, कॉपरबेल ही तीन लागोपाठ येतात.