महाभारत वाचताना आकृत्या हव्यात की नकोत?

कोराकागद : महाभारताचा अनुवाद हौसेने आणणारे बरेच जण आदिपर्वातच गळपटतात. नैमिषारण्यात सौती हा कथेकरी शौनक ऋषीला सांगतो, ते त्याने पांडवांचा पणतू जनमेजय याच्या सर्पसत्रात, म्हणजे साप जाळण्याच्या यज्ञात, वैशंपायनाकडून ऐकलेलं. युद्ध आणखी संजयाच्या तोंडून. मधेच रुरू, नल, सावित्री यांच्या गोष्टी, म्हणजे उपाख्यानं. माझं म्हणणं, दर पर्वाआधी 'कोण कोणाला सांगतंय' याची आकृती छापा आणि उपाख्यानं वेगळ्या रंगात द्या. ज्याला हवं त्याने ती सोडून पुढे जावं, मागाहून परत यावं. सलग वाचण्याचा हट्ट कशाला? कोणी भारताची सुरुवात मनूपासून करतात, कोणी आस्तिकाच्या कथेपासून, कोणी उपरिचर राजाच्या, असं खुद्द आदिपर्वातच आहे.

चकवा : साफ असहमत. भीष्मपर्व बघा. संजय रणांगणावरून येऊन आधी सांगतो काय, तर भीष्म पडले. ही दहाव्या दिवसाची बातमी! 'धर्मक्षेत्रे कुरुक्षेत्रे' हा प्रश्न धृतराष्ट्र त्यानंतर विचारतो. तुमच्या आकृतीत गीता पहिल्या दिवसाच्या चौकटीत जाऊन बसणार आणि म्हाताऱ्याच्या त्या प्रश्नातली धास्ती गेली.

कोराकागद : उलट, तीच दिसावी म्हणून आकृती. वर घडल्याचा क्रम, खाली सांगितल्याचा, मधे तिरके बाण. गीता सुटी वाचणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं?

उंबरठा : वंशवृक्ष तर छापतातच की. शंतनूपासून पांडवांपर्यंत सरळ रेघ! शंतनूच्या रक्ताचा वंश मुलगा विचित्रवीर्य याच्यापाशी खुंटला. धृतराष्ट्र आणि पंडू सत्यवतीच्या लग्नाआधीच्या मुलाचे, व्यासांचे, म्हणजे तिच्या बाजूचे. पांडव तर पंडूचेही नाहीत. आणि कर्ण कुठे लिहायचा, कुंतीखाली की त्याला वाढवणाऱ्या राधेखाली? या ग्रंथातलं सगळं भांडणच वारस कोण यावर आहे. रेघ ओढणारा वाचकाच्या आधी निकाल देऊन मोकळा होतो.

पानगळ : मग तुटक रेघा वापरा, हाय काय नाय काय. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक (हस्तलिखितं ताडून केलेल्या) आवृत्तीत संपादक सुकथनकरांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत (१९३३) कोणतं हस्तलिखित कशावरून आलं याचा वृक्ष काढून दाखवलाच ना? तज्ज्ञांना चालतो, आम्हांला का नको?

चकवा : चालतो, पण त्याच प्रस्तावनेत एका हस्तलिखितातला पाठ दुसऱ्यात शिरून सरमिसळ झाल्याचंही ते बजावतात. सामान्य आवृत्तीत चित्र तेवढं उरेल, बजावणं गळेल.

उंबरठा : रंगाला माझा जास्त विरोध आहे. रंग म्हणजे 'हे वगळा' अशी खूण. रुरू होणाऱ्या बायकोला साप चावला म्हणून दिसेल तो साप मारत सुटतो. पुढे जनमेजय सर्पदंशाने मेलेल्या बापासाठी तेच करतो, फक्त यज्ञ मांडून. ही गोष्ट सोडलीत तर सर्पसत्र निव्वळ तमाशा वाटेल.

कोराकागद : मग रुरूपासून सर्पसत्राकडे एक बाण काढा, झालं. रुरू कोणी सोडू नये, मान्य. पण वनपर्वातली तीर्थांची यादी मी सोडणार म्हणजे सोडणार.