परसात चुलीचं स्वयंपाकघर बांधायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. अमळनेरला घरामागे दहा बाय बारा फूट जागा आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) खापरावरचे मांडे आणि हिवाळ्यात भरीत तिथेच व्हावं, ही आईची फार इच्छा. मांडे हातावर वाढवून ती बसूनच टाकते, म्हणून खापराची चूल जमिनीलगत. बाकी ओटा उभ्याने कामाचा. वांगी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, भाजतो, त्यांचा जाळ एकदम उंच जातो, म्हणून खरी काळजी छताची. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, पत्र्याखाली उभंच राहवणार नाही. मंगलोरी कौलं घालावीत का, आणि किती उंचीवर? चुलीशेजारी कडप्पा तडकेल का, की विटा-मातीच बरी? उन्हाळ्यात पश्चिमेचा वारा असतो, मग चुलीचं तोंड कुठे ठेवावं? कोणी बांधलं असेल तर फोटो टाका, गवंड्याला दाखवता येतील.