मदत हवी आहे: सुपर-टाकुमार ५० एमएम १.४ – आठ भिंगांची की सात?

नमस्कार मंडळी,

जुन्या मॅन्युअल लेन्स गोळा करणारे इथे बरेच जण आहेत, म्हणून विचारते आहे. फोटो जोडलेत, पण फोटोत जे नीट आलं नाही ते खाली लिहिते.

माझ्या धाकट्या काकांचा चिपळूणला फोटो स्टुडिओ होता. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. मागच्या महिन्यात काकूने माळा आवरायला काढला आणि एक कॅनव्हासची पिशवी माझ्या हातात ठेवली. "तूच वापरशील, तुझ्याकडेच राहू दे," म्हणाली. आत झेनिट-ई कॅमेरा, तीन लेन्स आणि काकांची लग्नाच्या ऑर्डरींची वही. पावत्या एकही नाहीत. स्टुडिओतले सगळे कागद २००५ च्या पुरात गेले, वही घरी होती म्हणून वाचली.

लेन्स अशा: सुपर-टाकुमार ५० एमएम १.४, सुपर-टाकुमार ५५ एमएम २, आणि हेलिओस ४४-२, ५८ एमएम २. शेवटचा आकडा लेन्स जास्तीत जास्त किती उघडते त्याचा, लहान आकडा म्हणजे जास्त उघडी. तिन्ही एम-४२ आट्याच्या, म्हणजे एकाच मापाच्या स्क्रूने बसणाऱ्या, त्यामुळे एकाच अडॅप्टरवर माझ्या मिररलेस कॅमेऱ्याला बसतात.

प्रश्न पहिल्या लेन्सबद्दल आहे. वहीत काही ऑर्डरींपुढे काकांनी "आठवालीवर" असं लिहिलंय. अशी पहिली नोंद फेब्रुवारी १९७९ ची, मग पुढे पंधरा-वीस लग्नं. मी वाचलं की टाकुमार बनवणाऱ्या आसाही (पेंटॅक्स) कंपनीने ही १.४ दोन प्रकारांत काढली. १९६४ मध्ये स्पॉटमॅटिक कॅमेऱ्याबरोबर आली ती आठ भिंगांची, आणि दोनेक वर्षांतच तिची जागा सात भिंगांच्या लेन्सने घेतली. पुढच्या कड्यावरचं नाव दोन्हींवर तेच. ते वाचलं आणि मला वाटलं, काका म्हणतात ती "आठवाली" हीच.

पण लेन्स पिवळी आहे. पांढऱ्या कागदावर ठेवून वरून पाहिलं तर कमी दुधाच्या चहासारखा रंग दिसतो. मुंबईत एका दुरुस्ती करणाऱ्यांना दाखवली. त्यांनी खिडकीकडे धरून पाहिली आणि म्हणाले, बुरशी आहे, उघडून भिंग पॉलिश करावं लागेल. माझं मन होईना, परत घेऊन आले.

इन्फ्रारेडच्या खुणेवरून प्रकार ओळखतात असंही वाचलंय, पण काकांच्या बोटांनी तिथला रंग पार उडालाय. लेन्स न उघडता कसं ओळखू? आणि पिवळेपणाचं काय करू? विकायची अजिबात नाही. काकांनी ती लग्नं कशावर काढली, एवढं मला नक्की कळायला हवं.

प्रतिसाद १

ताई, सगळ्यात आधी: पॉलिश करायला देऊ नका. परत आणलीत ते फार बरं केलंत.

बुरशी अशी दिसत नाही. बुरशीची जाळी असते, बारीक मुळांसारखी, नाहीतर कडेने कापसासारखे पुंजके. मोबाइलचा टॉर्च मागून तिरका मारा, असेल तर लगेच दिसेल. तुम्ही म्हणता तसा सगळीकडे सारखा पसरलेला चहाचा रंग म्हणजे थोरियम. सात भिंगांच्या १.४ मध्ये मागच्या बाजूला थोरियम ऑक्साइड घातलेली काच आहे. थोरियममुळे काच प्रकाश जास्त वाकवते आणि तरी रंग फारसे फाकत नाहीत, म्हणून त्या काळी ती वापरत. थोरियम किरणोत्सर्गी आहे. त्या किरणांनी वर्षानुवर्षं काचेच्या आतच रंग धरतो. तो पृष्ठभागावर नसतोच, मग घासून जाणार कसा? उलट घासलं तर कोटिंग जाईल आणि थोरियमची धूळ घासणाऱ्याच्या नाकात जाईल. लेन्स वापरायला, जवळ बाळगायला घाबरू नका. फक्त काच फोडायची नाही, घासायची नाही, आणि दुर्बिणीसारखी तासन् तास डोळ्याला लावून बसायचं नाही.

आता खूण. रंग उडाला असला तरी खूण कोरलेली असते. खोलीत अंधार करा आणि टॉर्च बॅरलला, म्हणजे लेन्सच्या बाहेरच्या नळीला, जवळजवळ टेकवून आडवा धरा. खाचेत सावली पडते. मधल्या फोकसच्या रेषेपासून उजवीकडे जा. तिच्या दोन्ही बाजूंना आकडे कोरलेले असतात. 'आर'ची, म्हणजे इन्फ्रारेडची, रेघ मधली रेषा आणि ४ हा आकडा यांच्यामध्ये असेल तर सात भिंगं. ४ च्या पलीकडे असेल तर आठ.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. आणखी एक खूण मागच्या भिंगाची: आठवालीचं मागचं भिंग चांगलं फुगीर असतं, बाहेर आल्यासारखं दिसतं. सातचं त्यामानाने सपाट. पण दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय नवख्याला हा फरक कळत नाही, त्यामुळे भरवसा रेघेवरच ठेवा. ऑटो-मॅन्युअलचा जो छोटा खटका आहे त्याच्या मागच्या बाजूला आकडा आहे का तेही बघा. ३७८०० असेल तर विषय संपला, ती सात.

तुमच्या ५५ एमएम २ बद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण लोक तिला उगाच कमी लेखतात. आतली भिंगं ५५ एमएम १.८ चीच आहेत. आसाहीच्याच एसपी-५०० सारख्या स्वस्त कॅमेऱ्याबरोबर द्यायची म्हणून २ वर अडवलेली. मी दोन्ही वापरल्या आहेत, छापलेल्या फोटोत मला फरक दाखवता येणार नाही.

अडॅप्टरवर वापरताना खटका 'मॅन'वर ठेवा, नाहीतर रिंग कितीही फिरवली तरी आतली पाती (प्रकाशाचं भोक, म्हणजे ॲपर्चर, लहान-मोठं करणारी) मिटणार नाहीत आणि लेन्स बिघडली असं वाटेल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री दिवे घालवून बघितलं. रेघ सापडली! टॉर्च अगदी आडवा केल्यावर केसाएवढी सावली दिसली. ती ४ च्या अलीकडे आहे, मधल्या रेषेच्या बाजूला. खटक्यामागे ३७८०० आहे. जाळी, पुंजके काही नाही.

म्हणजे सात. पण मग वहीत "आठवाली" का? काका मोघम लिहिणारे नव्हते. फिल्मचा रोल, फ्लॅश, गाडीभाडं, सगळं नेमकं लिहिलेलं आहे. त्यांच्याकडे आणखी एक लेन्स होती आणि ती पुरात गेली, असं तर नसेल?

प्रतिसाद ३

तिसऱ्या लेन्सकडे कोणी बघितलंच नाही. हेलिओसचं ॲपर्चर बंद करत आणा आणि पाती मोजा.

४४-२ ला आठ पाती असतात. पुढच्या मॉडेलांत, म्हणजे ४४एम-४ पासून, सहावर आले. स्टुडिओत काम करणारा माणूस लेन्सच्या आत किती भिंगं आहेत हे कशाला मोजेल? पुढून दिसतात ती पाती. आमच्याकडे जुने लोक "सहा पात्यांची", "आठ पात्यांची" असंच म्हणत.

पुढच्या कड्यावरचा नंबरही बघा. लोलकातून किरण जातोय असं चिन्ह असेल तर ती मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याची. सत्तरच्या दशकातल्या या लेन्सच्या सात आकडी नंबरात पहिले दोन आकडे बहुधा सालाचे असतात. मिन्स्कच्या आणि वल्दाईच्या कारखान्यांनीही ४४-२ बनवली, त्यांची चिन्हं वेगळी आहेत.

आणि वहीतल्या लग्नांपैकी एखादा फोटो घरात असेल तर शोधा. हेलिओस म्हणजे महायुद्धाआधीच्या जर्मन बायोटारचा रशियन अवतार. पूर्ण उघडी ठेवून झाडांसमोर माणूस उभा केला की मागची पानं भोवऱ्यासारखी फिरलेली दिसतात. फ्रेमच्या कडेला प्रकाशाचे ठिपके गोल राहत नाहीत, बॅरलच्या कडेने कापले जाऊन मांजराच्या बुबुळासारखे लांबट होतात आणि मध्याभोवती रांगेने बसतात. टाकुमार इतकं जोरात फिरवत नाही. स्टुडिओतल्या पडद्यासमोरचे फोटो उपयोगाचे नाहीत, बाहेर काढलेले हवेत.

धागाकर्ती

उशीर झाला त्याबद्दल क्षमस्व, चिपळूणला जाऊन आले.

हेलिओसची पाती आठ. मोजताना पहिल्यांदा तिचं मॅन्युअल प्रकरणही समजलं: एका रिंगने किती मिटायचं ते ठरवायचं आणि दुसरीने उघडझाप करायची. लोलकाचं चिन्ह आहे आणि नंबर ७७ ने सुरू होतो. म्हणजे १९७७ ची लेन्स आणि वहीतली पहिली नोंद १९७९ ची.

काकूकडे अल्बमांची पेटी आहे. ऑर्डरीतल्या बहुतेकांचे फोटो त्यांच्या त्यांच्या घरी गेले, पण आत्याचं लग्न त्याच वहीत आहे, मे १९८१, पुढे "आठवालीवर". पेटीत तिचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो मिळाला. घरामागच्या आगरात, पोफळीच्या बागेत ती उभी आहे. कपाळाच्या मुंडावळ्यांचा मोती न् मोती मोजता येतो, आणि मागे पोफळीच्या झावळ्यांमधून येणारे उन्हाचे ठिपके तिच्याभोवती गोल गोल फिरलेत. कडेचे ठिपके लांबट आहेत, अगदी तुम्ही सांगितलेत तसे. मी तो फोटो लहानपणापासून बघत आले. मला वाटायचं झावळ्या वाऱ्याने हलल्या असतील.

काकूला विचारलं, "आठवाली" म्हणजे कुठली? तिने सरळ हेलिओस उचलली. "ही, रशियन. जड आहे म्हणून कुरकुर करायचे, पण नवरीला हीच लावायचे."

आता टाकुमारचा पिवळेपणा. तो अतिनील प्रकाशाने उतरतो असं वाचून गॅलरीत प्रयोग केला. खाली ॲल्युमिनियम फॉइल, लेन्स त्यावर पालथी म्हणजे मागचं भिंग वर, आणि सकाळचं कोवळं ऊन दोन तास. शेजारी बसूनच राहिले, कारण भिंगातून ऊन एका जागी गोळा होऊन पडदा पेटायला वेळ लागत नाही. बॅरल तापलं की आत घ्यायचं, म्हणजे आतलं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर येणार नाही. आज बारावा दिवस. कागदावर ठेवली की चहाऐवजी फिकट लिंबू सरबताचा रंग दिसतो.

हे आणखी किती दिवस करू? पूर्ण पांढरी होईपर्यंत थांबायचं की एवढं पुरे?

प्रतिसाद १

छान झालंय. शेवटची फिकट छटा राहिली तरी चालेल, डिजिटलवर व्हाइट बॅलन्स ती सांभाळून घेतो. रंग पुढे पुन्हा धरेल, पण त्याला वर्षं लागतात. तेव्हा परत ऊन दाखवा. पावसाळ्यात मात्र तिन्ही लेन्स कापडी पिशवीत नको. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल, जेलचा रंग बदलला की वाळवून परत. आणि आत्यांच्या त्या फोटोचा स्कॅन इथे टाकता आला तर जरूर टाका, त्यांची हरकत नसेल तर.

धागाकर्ती

आत्याला फोन केला. हो म्हणाली. रविवारी स्कॅन करून टाकते.